बॅटवरची गोड जागा

लाकडी बॅटच्या भलत्याच ठिकाणी चेंडू लागला की काय होतं, हे सांगायला पदार्थविज्ञानाचा मास्तर लागत नाही. हाताला झिणझिण्या येतात. थंडीची सकाळ असेल तर डोळ्यांत पाणीच उभं राहतं. आणि नेमक्या जागी लागला तर? हाताला काही कळतच नाही, चेंडू तेवढा लांब गेलेला दिसतो. अमेरिकेत बेसबॉल खेळणारे या जागेला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात. हा शब्द आता आपल्याकडे क्रिकेटच्या समालोचनातही रुळला आहे.

ही जागा बॅटवर कुठे असते आणि तिथेच का असते? प्रश्न साधा आहे, पण त्याचं नीट उत्तर मिळायला तीनशेहून अधिक वर्षं लागली. ती हकिगत मला आज सांगायची आहे. त्यामागे एक खासगी कारणही आहे. मी कॉलेजात शिकवत होतो तेव्हा या प्रश्नाचं एक उत्तर वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. ते अर्धवट होतं.

या हकिगतीची सुरुवात मैदानावर होत नाही, घड्याळात होते. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याचा लंबकावरचा मोठा ग्रंथ १६७३ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. एखादा जड दांडा एका टोकाजवळ टांगून झुलवला, तर किती लांबीचा साधा लंबक त्याच्याइतक्याच वेळात झुलेल? ती लांबी टांगलेल्या बिंदूपासून मोजली की दांड्यावर एक जागा मिळते. तिला आंदोलनकेंद्र म्हणतात. या जागेला आणखी एक गुण असतो. तिथे ठोका दिला तर टांगलेल्या बिंदूला धक्का बसत नाही. ठोका त्याच्या अलीकडे बसला तर तो बिंदू एका दिशेला ढकलला जातो, पलीकडे बसला तर उलट दिशेला. म्हणून याच जागेला आघातकेंद्र असंही नाव आहे.

आता टांगलेल्या बिंदूच्या जागी फलंदाजाची मूठ धरा. आघातकेंद्रावर चेंडू लागला की मुठीला धक्का नाही, म्हणजे हीच ती गोड जागा! किती सुटसुटीत उत्तर! मीही ते तसंच शिकवलं. मुलं खूश, मीही खूश.

गंमत अशी की खेळ एवढा लोकप्रिय असूनही बॅटीकडे शास्त्रज्ञांचं लक्ष उशिरा गेलं. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बेब रूथची तपासणी झाली. त्याचे डोळे, कान, श्वास, हातांची चपळाई, सगळं मोजलं गेलं. पण तपासणीचा विषय माणूस होता, लाकूड नव्हतं. १९६३ मध्ये पॉल कर्कपॅट्रिक यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये चेंडू टोलवण्याच्या यांत्रिकीवर लेख लिहिला. पुढे येल विद्यापीठाचे रॉबर्ट अडेर यांना १९८७ मध्ये बेसबॉलच्या नॅशनल लीगने आपला अधिकृत पदार्थवैज्ञानिकच नेमलं! त्यांचं ‘द फिजिक्स ऑफ बेसबॉल’ हे पुस्तक १९९० मध्ये आलं.

याच काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे हॉवर्ड ब्रॉडी टेनिसच्या रॅकेटकडून बॅटीकडे वळले. १९८६ च्या लेखात त्यांनी दाखवलं की ‘गोड जागा’ या एका शब्दाखाली आपण निरनिराळ्या जागा दडवतो. हाताला धक्का न बसणारी जागा एक, बॅट न थरथरणारी जागा दुसरी, चेंडूला जास्तीत जास्त वेग देणारी तिसरी. या तिन्ही एकच असतील असा काही नियम नाही.

यातली दुसरी जागा महत्त्वाची ठरली. बॅट आपल्याला टणक वाटते, पण चेंडू लागला की ती तारेसारखी कंप पावते. तिचं पहिलं कंपन सेकंदाला साधारण १७० वेळा होतं, दुसरं त्याच्या तिपटीच्या आसपास. प्रत्येक कंपनात काही जागा स्थिर राहतात. त्या म्हणजे शाळेत शिकलेले निस्पंद बिंदू. बॅटीच्या जाड भागावर या दोन कंपनांचे निस्पंद बिंदू टोकापासून साधारण पाच ते सात इंचांच्या पट्ट्यात, एकमेकांजवळ येतात. तिथे चेंडू लागला तर दोन्ही कंपनं जवळजवळ उठतच नाहीत. हात झिणझिणत नाही आणि थरथरण्यात वाया जाणारी ऊर्जा चेंडूला मिळते.

मग आघातकेंद्राचं काय? तेही बहुधा याच पट्ट्याच्या आसपास पडतं. म्हणून तर चूक इतकी वर्षं टिकली. जागा बरोबर होती, कारण अपुरं होतं. खरं म्हणजे शंका यायला हवी होती. मूठ दोन इंच वर सरकवली की आघातकेंद्र हलतं, पण बॅटीतली ती गोड जागा फारशी हलत नाही.

ब्रॉडींनी १९९० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. हातात धरलेली बॅट शिकंज्यात आवळलेल्या बॅटीसारखी कंप पावत नाही, मोकळ्या सोडलेल्या बॅटीसारखी कंप पावते. पुढे सिडनीचे रॉड क्रॉस आणि इलिनॉयचे ॲलन नेथन यांनी हा धागा पुढे नेला. चेंडू बॅटीला चिकटलेला असतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. आघाताची लहर मुठीपर्यंत जाऊन परत येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. मूठ बॅटीला वेग देते, दिशा देते, पण प्रत्यक्ष टक्करीत तिचा वाटा जवळजवळ नसतो. एकदा एका मुलाने मला विचारलं होतं, ‘‘सर, चेंडू लागताना बॅट हातातून सुटली तरी फटका तेवढाच जाईल का?’’ मी हसून ‘नाही’ म्हणालो होतो. वर्गही हसला होता. त्याचं बरोबर होतं.

२९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्क यांकीज संघाने मिल्वॉकी ब्रुअर्सविरुद्ध एका सामन्यात ९ होमरन मारले. त्यांच्यातल्या काहींच्या हातात ‘टॉर्पेडो’ बॅट होती. टोकाकडचं लाकूड कमी करून ते फलंदाजाचा चेंडू जिथे जास्त वेळा लागतो त्या भागात आणायचं, ही तिची कल्पना. ती पुढे आणणारे ॲरन लीनहार्ट हे एमआयटीत पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट घेतलेले गृहस्थ. पण त्याच सामन्यात ॲरन जजने तीन होमरन मारले, ते नेहमीच्या बॅटीने! गोड जागा कुठे आहे हे विज्ञान सांगेल. चेंडू तिथे आणायचं काम माणसाचंच.

घरात जी लाकडी बॅट असेल ती मुठीजवळ दोन बोटांत सैल लोंबकळती धरा आणि लहान हातोडीने खालून वर हलके टकटक करत जा. एका ठिकाणी बोटांना लागणारी थरथर जवळजवळ थांबेल. तिथे खडूने खूण करा. मी हे निवृत्त झाल्यावर केलं. वर्गात हातोडी नेली असती तर त्या मुलावर हसलो नसतो.