‘अशोक’ : एका नांवाचें पुनरागमन

मुलाचें नांव ठेवणें हा आपल्याकडे पुष्कळ काळ निवडीचा प्रश्नच नव्हता. आजोबांचें नांव नातवाकडे येई, नाहीं तर कुलदैवताचें. त्यामागील हेतु अजामिळाच्या कथेंत स्पष्ट दिसतो : पुत्राला हांक मारतां मारतां नारायणाचें नांव मुखीं यावें व त्या निमित्तानें उद्धार व्हावा. या परंपरेंत, देवाचें नव्हे आणि पूर्वजाचेंहि नव्हे असें ‘अशोक’ हें नांव विसाव्या शतकांत घरोघर शिरलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

शब्द जुनाच. ज्यास शोक नाहीं तो अशोक. सीतेची अशोकवाटिका आणि कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’तील अशोकवृक्ष आपल्या परिचयाचे होते, विसर पडला तो राजाचा. पुराणांच्या वंशावळींत तो नुसता नामधारी उरला. त्याची कीर्ति जपली ती बौद्ध ग्रंथांनीं, आणि त्यांचे वाचक येथें उरले नव्हते.

या विस्मृतीस खुद्द राजाचाहि हातभार लागला. आपल्या लेखांत तो स्वतःस बहुधा ‘देवानंपिय पियदसि’ एवढेंच म्हणवितो. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेपनें ब्राह्मी लिपि उलगडली. पण हा पियदसि कोण, हें कोडें सुटलें तें जॉर्ज टर्नरनें सिंहलद्वीपांतील पाली ग्रंथांचा आधार पुढें आणल्यावर. १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यास एका राजशासनाचा तुकडा सांपडला, आणि अशोकाचे लेख आपल्या कोंकणकिनाऱ्यावरहि होते हें सिद्ध झालें. तरीहि त्याच्या शासनांत ‘अशोक’ हीं अक्षरें प्रथम वाचावयास मिळालीं तीं १९१५ सालीं, रायचूर जिल्ह्यांतील मस्कीच्या शिळेवर.

पंडितांच्या टेबलावरचें हें नांव मग पाळण्यांत आलें. देश आपला गतवैभवाचा इतिहास शोधीत होता. १९२० सालीं एच. जी. वेल्सनें आपल्या जगाच्या इतिहासांत या राजाचा मुक्तकंठानें गौरव केला. १९३६ सालीं कुमुदलाल गांगुली नांवाचा तरुण ‘अशोककुमार’ होऊन रुपेरी पडद्यावर आला. १९४७ सालीं ध्वजावर धर्मचक्र आलें आणि १९५० सालीं सारनाथचे सिंह राजमुद्रेवर बसले. शिवाय या नांवाला जात नाहीं, प्रांत नाहीं, जोडाक्षराची अडचण नाहीं. बंगाल्यास तें जितकें आपलें तितकेंच पंजाब्यास व मराठी माणसास.

आज नव्या बाळांत तें क्वचितच ऐकूं येतें; अशोक आतां बहुधा आजोबा झाले आहेत. फॅशन बदलते, त्याबद्दल तक्रार नको. पण एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शिवाजी, प्रताप, बाजीराव हीं नांवें आपण पराक्रमाच्या अभिमानानें ठेविलीं. अशोकहि विजेताच, परंतु कलिंगांत एक लक्ष माणसें मारलीं गेलीं हा आंकडा त्यानें स्वतःच, खेद व्यक्त करून, दगडावर कोरविला. जिंकूनहि पश्चात्ताप पावलेल्या राजाचें नांव एका राष्ट्रानें इतक्या मुलांस द्यावें, याला इतिहासांत फारशी तोड नाहीं. नातवंडांना नांवाचा अर्थ सांगतांना ‘शोकरहित’ एवढ्यावर न थांबतां हा शोकहि सांगितला पाहिजे.