कडकट्टची भाषा मुलांच्या हाती

‘तार आली’ एवढे शब्द कानी पडले, तरी पूर्वी घरातल्या माणसांच्या छातीत धस्स होत असे. १४ जुलै २०१३ हा आपल्या देशातील तारसेवेचा अखेरचा दिवस ठरला. आजच्या मुलांना तार म्हणजे विजेची किंवा कुंपणाची, एवढेच ठाऊक आहे. आम्हा इंदूरकरांना मात्र हा विषय परका नाही. आग्र्याहून मुंबईला जाणारी तार १८५४ च्या सुमारास आपल्या इंदूरवरूनच टाकली गेली.

पुढे तारघरांत जी ‘कडकट्ट’ घुमली, ती सॅम्युअल मोर्स यांच्या लिपीची. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला या लिपीतून पहिला जाहीर संदेश गेला. तिची सामग्री दोनच चिन्हांची, टिंब आणि रेघ. टिंबाला एक मात्रा धरली तर रेघेला तीन. दोन अक्षरांमध्ये तीन मात्रांची शांतता, दोन शब्दांमध्ये सात. म्हणजे आवाजाइतकेच मौनालाही मोल आहे. तबल्याला बसणाऱ्या मुलांना हे लगेच उमजते.

तारेवाचूनही ही लिपी चालते. हेन्री मान्स या इंग्रज अभियंत्याने कराचीत असताना, १८६९ मध्ये, आरशावर ऊन झेलून दूरवर संदेश धाडण्याचे यंत्र बनवले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. आज आरशाऐवजी टॉर्च पुरे, आवाजासाठी शिट्टी पुरे. १९०६ मध्ये बर्लिनच्या परिषदेत ठरलेला संकटसंकेत तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे असा आहे. तो मुलांना आधी शिकवावा, आणि थट्टेत कधी वापरायचा नाही हेही त्याच वेळी सांगावे.

मग शिकवावा ‘आई’ हा शब्द. मुले मोबाइलवर रोमन अक्षरांत लिहितात तसाच, ए-ए-आय. टिंब-रेघ, टिंब-रेघ, टिंब-टिंब.

इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सर्वांत जास्त येते, म्हणून त्याला एकच टिंब दिले आहे. मराठी रोमनमध्ये लिहिली तर कोणते अक्षर जास्त येईल? मुलांना आरतीच्या ओळी रोमनमध्ये लिहून अक्षरे मोजायला लावावीत. ‘ए’ पुढे निघून जाईल, आणि ही लिपी आपल्या भाषेच्या मापाने बेतलेली नाही, हे मुलांना स्वतःच कळेल. मग मराठीसाठी आपली लिपी त्यांनीच बेतावी.

आपली मुले शाळेत हिंदी-इंग्रजीत शिकतात. मराठी घरापुरती उरली आहे, आणि घरातही ती हळूहळू कमी होत आहे. ‘मराठी बोला’ असे आपण कितीही बजावले तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. पण गच्चीवरून समोरच्या गच्चीवर ‘मोदक’ पाठवायचा असेल, तर तो शब्द अक्षर-अक्षर जपावा लागतो. ज्यांच्या घरी तारखात्यातून निवृत्त झालेले आजोबा असतील, त्यांनी या उत्सवात एक संध्याकाळ मुलांना द्यावी, ही आमची विनंती. त्यांची बोटे ती लय अजून विसरली नसतील.