कोनाड्यातल्या स्पूलची वंशावळ

नांदेडकडच्या उमरीच्या जुन्या घरात, मधल्या खोलीच्या कोनाड्यात, आजोबांनी ठेवलेली टेपची नऊ स्पूलं निघाली. वर माळवद आहे म्हणून ती खोली वैशाखातही गार राहते. पत्र्याखाली ही टेप इतकी वर्षं टिकली नसती. डब्यांवरची अक्षरं उर्दू आहेत. निजामाच्या राज्यात शिकलेली आमच्याकडची ती पिढी घरात मराठी बोलायची आणि कागदावर उर्दू लिहायची. डब्यांवरचं वाचून द्यायला एक निवृत्त मास्तर भेटले. यंत्र मात्र घरात नव्हतं. ते शोधताना लक्षात आलं की स्पूल वाजवण्याआधी त्याचं कुळ ओळखावं लागतं.

ते कुळ डेन्मार्कमधून सुरू होतं. वाल्डेमार पोलसेनने 1898 मध्ये पोलादी तारेवर चुंबकाने आवाज उमटवला. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ त्याच्या यंत्रापुढे बोलला आणि तो आवाज आजही ऐकता येतो. तार जड होती, महाग होती. सिगारेटच्या कागदाला सोनेरी पट्टा चढवण्याचं तंत्र जाणणाऱ्या फ्रिट्झ फ्लॉयमरने 1928 मध्ये कागदाच्या पट्टीवर लोहचूर्ण चिकटवलं, आणि टेप जन्मली. 1935 मध्ये बर्लिनला मॅग्नेटोफोन लोकांपुढे आला. महायुद्ध संपल्यावर जॅक मुलिन या अमेरिकन सैनिकाने अशी दोन यंत्रं आणि पन्नास रिळं सुटी करून घरी नेली. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन तिथल्या अँपेक्स कंपनीने 1948 मध्ये आपलं यंत्र बाजारात आणलं.

या वंशाची खूण टेपच्या वेगात आहे. पुढच्या मॅग्नेटोफोनवर टेप सेकंदाला 77 सेंटिमीटर धावायची. ते निम्मं केलं की 38, मग 19, मग साडेनऊ, मग पावणेपाच. स्टुडिओत 38 आणि 19, घरात बहुधा साडेनऊ किंवा पावणेपाच. वेग चुकला तर बाईचा आवाज पुरुषाचा वाटतो, म्हणून डब्यावरचा आकडा नीट वाचायचा. परदेशातून आणलेल्या यंत्राचं वेगळंच. अमेरिकेतल्या 60 हर्ट्झवर बांधलेली सिंक्रोनस मोटर आपल्या 50 हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने मंद चालते, आणि ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळलं तरी हे जुळत नाही.

आमच्या भागात स्पूलचं खरं मोल वेळात होतं. ग्रामोफोनच्या तव्याची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. सात इंची, बाराशे फुटांचं स्पूल साडेनऊच्या वेगाने तासाभराहून जास्त चालतं. त्यात आख्खं कीर्तन बसतं, पूर्वरंग आणि उत्तररंग दोन्ही. विस्तारून गायलेला राग बसतो. तासभर बोलणाऱ्या वक्त्याचं भाषणही बसतं. नांदेडच्या पीपल्स कॉलेजातले नामवंत वक्ते नरहर कुरुंदकर 1982 मध्ये गेले. अशा माणसाचं बोलणं जपायचं तर तीन मिनिटांच्या तव्याचा काय उपयोग? आणि काय ठेवायचं हे आता तवे काढणाऱ्या कंपनीने नाही, घरातल्या माणसाने ठरवायचं होतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. 1963 मध्ये फिलिप्सने तीच टेप अरुंद करून, पावणेपाचच्या वेगावर, प्लास्टिकच्या डबीत बंद केली. या कॅसेटने पुढे स्पूलला घराबाहेर काढलं.

आता परीक्षा. स्पूल आडवं धरून उजेडाकडे पाहायचं. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर टेप अ‍ॅसिटेटची, नाहीतर बहुधा पॉलिएस्टरची. अ‍ॅसिटेट तुटते ती सरळ तुटते आणि जोडता येते. पॉलिएस्टर आधी ताणली जाते, आणि ताणलेला आवाज परत येत नाही. 1970 नंतरच्या काही टेपांचा गोंद हवेतली ओल पिऊन चिकट होतो. अशी टेप वाजवली तर लेप हेडवर खरवडून निघतो. तिला जाणकार मंद आचेवर तासन् तास शेकतात, पण ही क्रिया अ‍ॅसिटेटला करायची नाही.

ओळखीतून मिळालेलं यंत्र आधी उघडलं. पट्ट्याचं रबर डांबरासारखं वितळलेलं. नवा पट्टा बसवला, हेड स्पिरिटने पुसलं, आणि आधी बाजारातली एक निकामी टेप चालवून पाहिली. आजोबांचं स्पूल लावताना संगणक जोडूनच ठेवला, कारण पहिली वाजवणी शेवटचीही ठरू शकते. पहिल्या स्पूलवर एकाच वेळी दोन आवाज, त्यातला एक उलटा. अर्ध्या रुंदीवर भरलेली टेप पूर्ण रुंदीच्या हेडवर वाजत होती. ते यंत्र परत केलं.

दुसरं यंत्र मिळायला दोन महिने गेले. त्यावर आधी रेडिओवरची खरखर आली, मग कुणीतरी माइक उचलल्याचा आवाज, आणि मग आत्याचा, शाळकरी वयातला: चालू झालं का, बाबा?

सात स्पूलं उतरवली. उरलेल्या दोनांतलं एक वाकलं आहे आणि उघडताच व्हिनेगरचा वास येतो. ते बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवलं आहे.