गाडीची साक्ष

इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. समकालीन अस्सल पत्र एकीकडे आणि मागाहून रचलेली बखर दुसरीकडे, हा विवेक तेव्हापासून या शहराच्या अंगवळणी पडला. छायाचित्र समोर आले की मात्र आपण तो विसरतो. खालची ओळ बहुधा दुसऱ्याच कोणी, पुष्कळ वर्षांनी लिहिलेली असते. तीही बखरच. चित्रातला लष्करी ट्रक हा अस्सल कागद, आणि तो वाचता येतो.

समजा, घाटावरच्या एखाद्या लष्करी कुटुंबाच्या संग्रहातील चित्राखाली 'केरेन, 1941' असे लिहिले आहे. मागे ट्रक उभा आहे. त्याची पुढची काच वरच्या कडेने पुढे झुकलेली, जणू गाडीने कपाळाला आठी घातली आहे. हा कॅनडात घडलेला ट्रक. तेथील लष्कराने 1937 मध्ये फोर्ड व जनरल मोटर्स यांच्याकडून नमुने मागवले, त्यातून ही जात जन्मली. युद्धकाळात अशी वाहने चार लाखांच्या पुढे बनली. आधीच्या केबिनची काच सरळ उभी होती. पुढे झुकलेल्या काचेची केबिन आली ती 1941 च्या अखेरीस. केरेन पडले 27 मार्च 1941 रोजी. म्हणजे ते चित्र केरेनचे असूच शकत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण केरेनला होती तशी पुढे इटलीतही लढली. यशवंत घाडगे यांनी 10 जुलै 1944 रोजी टायबर खोऱ्यात प्राण वेचले ते याच पलटणीत. आजोबांचा ऐन तारुण्यातला चेहरा आफ्रिकेतला की युरोपातला, हे कधीकधी एका काचेच्या कलावरून उमगते.

नियम एवढाच: चित्रातील सर्वांत उशिरा आलेला तपशील त्याची तारीख ठरवतो. जुना भाग नव्या गाडीवर बसू शकतो. जन्माला न आलेला भाग जुन्या गाडीवर बसू शकत नाही. हिंदुस्थानातील क्रॉसली चिलखती गाड्या पाहा. घुमटाकार बुरुजाच्या त्यांच्या पोलादी पेट्या 1923 ते 1925 मधल्या. मूळ सांगाडे झिजले तेव्हा, 1939 च्या सुमारास, त्याच पेट्या शेव्हरोलेच्या सांगाड्यांवर चढवल्या गेल्या. बुरुज पाहून तारीख सांगणारा इथे दीड दशकाने चुकतो. आधी चाके पाहावीत. शेव्हरोलेला हवेचे टायर आहेत.

आद्य नमुन्यांची ओळख याहून अवघड, कारण नमुना एकटा किंवा दोन-चारच असतो आणि ताडून पाहायला भावंडे नसतात. तो बहुधा कोरा, रिकामा, पलटणीच्या खुणांवाचून आणि बाजूने टिपलेला असतो; पुढे हजारोंनी निघालेल्या गाडीचे दिवे नि मडगार्ड निराळेच. जीपचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकन लष्कराच्या दप्तरी तीही पाव टनी 'ट्रक'च. बँटम या लहानशा कंपनीने 23 सप्टेंबर 1940 रोजी पहिला नमुना हजर केला. त्याचे नाक गोलसर होते. सपाट तोंड आणि जाळीच्या आत घेतलेले दिवे आले ते फोर्डच्या नमुन्यात. जनक म्हणून नाव मात्र गाजवले विलीजने. 1948 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ती जाहिरातबाजी रोखली आणि कल्पनेचे श्रेय बँटम व लष्कर यांच्याकडे दिले. सपाट तोंडाच्या जीपखाली 'पहिला नमुना' असे लिहिणारा नकळत हा निवाडाच फिरवत असतो. आपल्याकडे एक सोपी खूण उपयोगी पडते: पत्र्याच्या जाळीत नऊ खाचा असतील तर जीप युद्धातली, सात असतील तर युद्धोत्तर नागरी विलीज. 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत जोडलेल्या जीपगाड्यांमुळे ती खूण मराठी घरांतल्या चित्रांतही शोधण्याजोगी झाली आहे.

'शक्तिमान'पाशी प्रश्न नाजूक होतो, कारण तिथे अभिमान आड येतो. 1959 साली जबलपूरला हा ट्रक बनू लागला तो जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्याने, आराखडा तिचाच. त्यामुळे जर्मन गाडीचे चित्र 'आपला पहिला शक्तिमान' म्हणून सहज खपून जाऊ शकते. चालकाचे चक्र पाहावे: जर्मन गाडीत ते डावीकडे, आपल्याकडे उजवीकडे. पण थांबा. निगेटिव्ह उलटी छापली गेली असेल तर डाव्याचे उजवे होते. म्हणून आधी पाटीवरची अक्षरे वाचावीत. पाटी नसेल, तर शेजारी उभ्या शिपायाचा सदरा पाहावा: पुरुषी सदऱ्यात डावी पट्टी उजव्या पट्टीवर येते.