जुन्या संगणकांसाठी मुक्त प्रोग्रॅमिंग साधने

जुन्या संगणकांसाठी मुक्त प्रोग्रॅमिंग साधने : इंटेल ८०८५, ८०८६, ८०५१ यांसारख्या जुन्या चिप्ससाठी आणि डॉस चालवणाऱ्या संगणकांसाठी प्रोग्रॅम लिहिताना व्यापारी कंपायलर व असेंब्लरऐवजी वापरायची, सोर्स कोड खुला असलेली साधने. नांदेड व लातूर जिल्ह्यांत अशी साधने निवडण्याचा प्रश्न मुख्यतः शिक्षणसंस्थांच्या प्रयोगशाळांत येतो. नांदेडला विष्णुपुरीची श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था (स्थापना १९८१) व शासकीय तंत्रनिकेतन, तर लातूरला पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. दोन्ही जिल्ह्यांतील विज्ञान-वाणिज्य महाविद्यालयांचे संगणक अभ्यासक्रम स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १७ सप्टेंबर १९९४) कक्षेत येतात.

पार्श्वभूमी : बोरलँड कंपनीचे टर्बो सी १९८७ मध्ये आणि टर्बो सी++ १९९० मध्ये आले. लिहिणे, कंपाइल करणे, चालवणे आणि चुका शोधणे हे सारे एकाच निळ्या पडद्यावर होई, तेही अगदी साध्या यंत्रावर. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’च्या सुरुवातीच्या आवृत्त्याही याच साधनाला धरून होत्या. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम थेट चालत नाहीत, म्हणून पुढे टर्बो सी डॉसबॉक्स या एम्युलेटरच्या आत चालवण्याची पद्धत पडली. बोरलँडने काही जुन्या आवृत्त्या विनामूल्य दिल्या, पण सोर्स कोड दिला नाही. त्यामुळे त्यांत दुरुस्ती करता येत नाही.

पर्याय : ८०८६ च्या असेंब्लीसाठी मॅझम व टॅझम या व्यापारी असेंब्लरांऐवजी नॅझम (१९९६) वापरता येते. डॉसऐवजी फ्रीडॉस आहे, त्याची १.० आवृत्ती २००६ मध्ये आली. जीसीसी या मुक्त कंपायलरवर बेतलेले डीजेजीपीपी डॉसवर चालते, पण त्याला किमान ८०३८६ लागतो. खऱ्या ८०८६ साठी १६-बिट सी प्रोग्रॅम करायचा तर ओपन वॉटकॉम उपयोगी पडते. त्याचा सोर्स कोड खुला असला, तरी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन त्याचा परवाना मुक्त मानत नाही. ८०५१ व झेड८० साठी संदीप दत्ता यांनी सुरू केलेला एसडीसीसी कंपायलर आहे. ८०५१ साठीच्या कील या व्यापारी साधनाच्या मूल्यमापन आवृत्तीत प्रोग्रॅम २ किलोबाइटपर्यंतच करता येतो. एसडीसीसीला तशी मर्यादा नाही. ८०८५ च्या किटवर ३ई, ०५, ७६ असे बाइट हेक्स कळांनी एकेक भरावे लागतात आणि बॅटरीचा आधार नसेल तर वीज जाताच रॅममधला प्रोग्रॅम पुसला जातो. हाच सराव संगणकावर करण्यासाठी श्रीधर रत्नकुमार यांनी लिहिलेला जीएनयूसिम८०८५ हा सिम्युलेटर आहे.

बदलताना येणाऱ्या अडचणी : नवे साधन घेतले म्हणजे जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा चालतो असे नाही. ‘मूव्ह एएक्स, नम’ या ओळीने मॅझममध्ये ‘नम’मधली किंमत उचलली जाते, तर नॅझममध्ये त्याचा पत्ता; किंमत हवी असेल तर ‘नम’ला चौकोनी कंस लागतो. टर्बो सीमध्ये ‘इंट’ १६ बिटांचा असतो. त्यामुळे ८ चे क्रमगुणित ४०३२० ऐवजी उणे २५२१६ दिसते. डीजेजीपीपीत ३२ बिट असल्याने उत्तर बरोबर येते. टर्बो सीच्या ‘कोनिओ’ या हेडर फाइलमधली पडदा पुसण्याची आज्ञा लिनक्सवरील जीसीसीत मिळत नाही. कीलमध्ये लिहिलेल्या ८०५१ च्या पिनांच्या व्याख्या एसडीसीसीसाठी नव्याने लिहाव्या लागतात. व्यापारी साधनांची जमेची बाजूही आहे : टर्बो डीबगर व कीलचा सिम्युलेटर नवशिक्याला सोपे जातात.

कायदा व खर्च : प्रताधिकार कायद्यातील १९९४ च्या दुरुस्तीनुसार संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. मुक्त साधन प्रयोगशाळेतील सर्व यंत्रांवर आणि विद्यार्थ्यांच्या घरच्या संगणकावरही बिनदिक्कत टाकता येते. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले.

निवड : नवी प्रात्यक्षिके आखताना ८०८६ साठी नॅझम आणि ८०५१ साठी एसडीसीसी घेणे योग्य ठरते. टर्बो सीमधले जुने १६-बिट प्रोग्रॅम सांभाळायचे असतील, तर परवाना वाचून ओपन वॉटकॉम घ्यावे. टर्बो सीचा विकास कधीच थांबला. नॅझम व एसडीसीसी यांच्या नव्या आवृत्त्या मात्र निघत राहिल्या आहेत.