पदवीचा पत्ता

आमच्या यवतमाळात गणित तेच राहिलं, पदवीचा पत्ता मात्र बदलत गेला. 1923 साली नागपूर विद्यापीठ निघालं. मग प्रमाणपत्र नागपूरचं. 1983 साली अमरावती विद्यापीठ झालं, मग अमरावतीचं. आणि अटी? भाचा परवा वाचूनच दाखवत होता. पीएच.डी.ला एम.एस्सी.च्या वाटेनं जायचं तर 55 टक्के हवेत, वर प्रवेशपरीक्षा. मधली एम.फिल.ची पायरी तर 2022 साली काढूनच टाकली!

मी म्हटलं, "बाबा रे, द. रा. कापरेकर नुसते बी.एस्सी., 1929 चे. देवळालीला शाळेत मास्तर. आज त्यांचा अर्ज खिडकीवरूनच परत आला असता."

"पण मामा, त्यांनी केलं काय?"

6174 शोधला! कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, पात्रतेची अट एवढीच. अंक उतरते मांडा, त्यातून चढते वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत 6174 हजर.

भाच्यानं पाठकोरा कागद ओढला. नागपूरचं 1923 तीन वजाबाक्यांत पोचलं. अमरावतीच्या 1983 ला सातही लागल्या.