वर्षाला एक बुरूज

नसलेल्या जगाच्या नद्या, राजवंश, सण, नाणी आणि शिव्या ठरवत बसण्याचा छंद जगभर अनेकांना आहे, आणि मराठीतही तो आता लपून राहिलेला नाही. तरुण मंडळी त्याला सर्रास ‘वर्ल्डबिल्डिंग’ म्हणतात. इथे आपण जगरचना म्हणू. हे छोटे पुस्तक त्या छांदिष्टांसाठी आहे. दिवसा साखर कारखान्याच्या कचेरीत हिशेब लिहून रात्री वहीत राज्ये वसवणारे, कॉलेजच्या जर्नलमागे नकाशे काढणारे, निवृत्तीनंतर एखाद्या काल्पनिक घराण्याची वंशावळ मांडून बसलेले, असे सगळे इथे घरचेच. छापून येण्याची किंवा चार पैसे मिळण्याची अट नाही.

पुस्तकाचा विषय मात्र मुद्दाम अरुंद ठेवला आहे: या छंदात वर्षभराचे उद्दिष्ट कसे ठरवावे? कादंबरी संपते, चित्रावर सही होते. कल्पित जगाला अशी शेवटची ओळ नसते. त्यामुळे ‘यंदा माझे जग पुरे करीन’ हा संकल्प जो करतो तो हमखास फसतो, आणि फसल्यावर छंदच सोडून देतो.

या क्षेत्राचे दैवत जे. आर. आर. टॉल्किन. त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात आपल्या जगाच्या पुराणकथा लिहायला घेतल्या आणि 1973 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या दुरुस्त करत राहिले. ‘द सिल्मरिलियन’ अखेर 1977 मध्ये त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी संपादित करून प्रसिद्ध केले. याच लेखकाच्या हातून ‘द हॉबिट’ (1937) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (1954-55) मात्र पुरे झाले. कारण त्यांना ऐकणारे आणि मागणारे कोणीतरी होते. पहिले घरातल्या मुलांना सांगितले गेले, दुसऱ्यासाठी प्रकाशक मागे लागला होता आणि मित्र सी. एस. लुईस प्रकरणे ऐकून ‘पुढे काय?’ विचारत होते. झाड रंगवायला बसलेला आणि एकेका पानावर अडून राहणारा चित्रकार टॉल्किन यांनीच एका कथेत रंगवला आहे. तो कोण, हे सांगायला समीक्षक लागत नाही.

हा उद्योग परका आहे असे वाटून जे संकोचतात त्यांनी कोल्हापुरात जरा डोळे उघडे ठेवून फिरावे. ‘करवीर माहात्म्य’ इथल्या टेकड्या, तीर्थे आणि दैवते एका सूत्रात ओवते. कोल्हासुराच्या वधानंतर विजयोत्सवात त्र्यंबोलीला बोलवायचे राहून गेले, ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, आणि तिची समजूत काढायला अंबाबाईला स्वतः जावे लागले, अशी कथा आहे. म्हणून आजही नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या, म्हणजे या त्र्यंबोलीच्याच, टेकडीवर जाते, तिथे कोहळा फोडला जातो आणि त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते. भाविकांसाठी ही कल्पित गोष्ट नव्हे आणि तिला तसे म्हणण्याचा माझा हेतूही नाही. शिकायची ती बांधणी. एक रुसवा, एक वाट, एक तिथी, एक कोहळा; एवढ्यावर सारे शहर दरवर्षी रस्त्यावर येते. आपल्या वहीतल्या राज्याला वीस सण असतात आणि एकाचाही रस्ता ठरलेला नसतो. यंदा एकच सण लिहायचा, पण कोण रुसले, पालखी कुठल्या गल्लीतून जाते, फोडतात काय आणि तुकडे कोणाला मिळतात इथपर्यंत, हे वर्षाचे उत्तम उद्दिष्ट आहे.

दुसरा धडा याच गावात बाबूराव पेंटर (1890-1954) यांनी दिला आहे. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट 1920 सालचा. रंगवलेल्या पडद्यासमोर नटांना उभे करण्याची रीत मोडून त्यांनी माणसे वावरू शकतील असे भरीव सेट उभारले. वेशभूषेची, पात्रांची, हालचालींची चित्रे ते आधी स्वतः काढत. त्यांच्या तालमीतल्या मंडळींनी 1929 मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी काढली, आणि 1932 च्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये चक्क एक स्त्री-राज्य पडद्यावर आणले. कल्पित जग उभारणारे हे पोटापाण्याचे कारागीर होते, म्हणून त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: भिंत भरीव हवी, पण कॅमेरा जाईल तिथपर्यंतच. राजवाड्याच्या मागचे आठ महाल कोणी बांधत बसले नाही. हौशी माणसाला असा कॅमेरा नसतो, आणि त्याची निम्मी शक्ती त्या आठ महालांत जाते. वर्षाचे उद्दिष्ट हाच त्याचा कॅमेरा.

आता पाण्याविषयी थोडे सविस्तर, कारण होतकरूंच्या नकाशांत सर्वाधिक चुका इथेच दिसतात. पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या डोळ्यांना दिसतात; पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. भूगोल आणि श्रद्धा मिळून एका नदीचे नाव होते, याहून सुंदर उदाहरण शोधायला लांब जायला नको. पण तेवढ्यावर थांबू नये. पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठून राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी ते पाठ करून घेतले आहेत. तुमच्या कल्पित नदीकाठच्या लोकांना जर असा एखादा आकडा तोंडपाठ नसेल, तर ती अजून नदी झालेली नाही, कागदावरची निळी रेघ आहे. हीच गोष्ट किल्ल्यांची. पन्हाळ्यावर 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्‌महिने चालला. गड इतके दिवस तग धरतो त्यामागे तटबंदीइतकेच धान्य आणि पाणी असते. गंगा, यमुना, सरस्वती ही अंबरखान्याच्या कोठारांची नावे आणि अंधारबावीसारखी तटाच्या आत जपलेली विहीर पाहून या, म्हणजे काल्पनिक गडावर आधी काय बांधायचे ते कळेल. एक अख्खे वर्ष फक्त ‘पाणी कुठून येते आणि ते कोणाच्या ताब्यात असते’ या प्रश्नाला दिले, तर ते वाया जात नाही. त्यातून शेती, जकात, भांडणे आणि लग्ने आपोआप निघतात.

एकच गोष्ट बदलून बाकीचे परिणाम इमानाने पाहायचे, ही रीत मराठी वाचकाला शिकवली ती कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या त्यांच्या कथेत, पानिपतावर विश्वासरावांना प्रत्यक्षात लागलेली गोळी हुकते आणि तिथून हिंदुस्थानचा इतिहास दुसऱ्या वाटेने जातो. तीनशे राजे, बारा भाषा असला पसारा तिथे नाही. विशेष म्हणजे त्यांची ‘कृष्णविवर’ ही सुरुवातीची कथा 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी, नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवलेली होती. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही कथा पुरी करायला स्पर्धेची तारीख उपयोगी पडली, तर आपल्याला तारखेचे वावडे का असावे?

तारीख कोणती, हा प्रश्न उरतो. एक जानेवारीचे संकल्प मकरसंक्रांतीला विसरले जातात. पाडवा चांगला, पण चैत्रात परीक्षा आणि लग्नसराई. माझे मत दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरावे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून मराठी लेखकाचे घड्याळ याच सणाला बांधलेले आहे. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या अंकांनी अद्‌भुत कथांना हक्काची जागा दिली तीही याच मोसमात. त्याहून मोठे कारण अंगणात आहे. पोरे विटा, पोती, माती गोळा करून किल्ला करतात, बुरुजांवर मोहरी किंवा हळीव पेरतात, मावळे मांडतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवतात. सण सरला की किल्ला मोडतो आणि त्याचे कोणाला दुःख नसते, पुढच्या वर्षी नवा होणारच असतो. जगरचनेचे सारे शास्त्र या उद्योगात आहे. जागा ठरलेली, दिवस ठरलेला आणि पाहणारा ठरलेला.

म्हणून या पुस्तकात ‘रोज पाचशे शब्द’ असली उद्दिष्टे सापडणार नाहीत. कादंबरीकाराला ती उपयोगी असतील. जगरचनेत त्यांनी नुसता ढीग साचतो. नवी भाषा घडवण्यापासूनही मी पहिल्या वर्षी परावृत्त करीन. व्याकरणाची नशा चढली की राज्य ओस पडते. (ज्यांना ती चढलीच आहे त्यांच्यासाठी सातवे प्रकरण आहे, तिथे मी जास्त उदार झालो आहे.) उद्दिष्ट असे असावे की ते पुरे झाले की नाही हे दुसऱ्या माणसाला नुसते पाहून सांगता यावे: एका खोऱ्याचा नकाशा, एका सणाचे वर्णन, एका गडाची गोष्ट. आजारपण, बदली, बोर्डाचे वर्ष असेल तर खोऱ्याऐवजी एक गाव घ्या; गावही जड वाटले तर गावची विहीर.

पुढचे प्रकरण नकाशांचे आहे. ते उघडण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहा: येत्या दिवाळीची तारीख, आणि त्या दिवशी तुम्ही हे काम ज्याला दाखवणार त्या एका माणसाचे नाव. मग त्या माणसाला तसे आजच सांगून टाका.